निदान रेषा

संध्याकाळी साडेपाचला, प्रभादेवीच्या पटांगणात
टॉवरची सावली अर्ध्या मॅटवर येते तेव्हा
मी खुर्ची मांडते, तिपाईवर कॅमेरा,
आणि फॉर्मांवर एक दगड ठेवते, कारण वारा समुद्राचा आहे.

अभ्यास तीन वर्षांचा. कबड्डीतल्या मुलींचे गुडघे.
एकोणसाठ मुली, म्हणजे एकशे अठरा गुडघे.
दोघी लग्न करून गेल्या, त्यांचे चार वजा.

तेजाली घाग पेटीवरून उडी मारते.
उतरताना उजवा गुडघा आत वळतो,
घरातलं भांडण शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून
दार लोटून घ्यावं तसा.
कॅमेरा ऐकतो. मी तारीख लिहिते.

झोप किती?
निदान पाच तास, ताई.
जेवण?
निदान एक वेळचं नीट.
पाळी?
ती आधी गवाणकर सर कुठे आहेत ते बघते.
चार महिने नाही. बरंच ना? मध्येच कटकट नको.

फॉर्मात ‘बरंच’ला रकाना नाही.
डॉक्टर फर्नाझ म्हणतात, ही सुटका नव्हे,
हाडांकडून घेतलेली उचल आहे.
हाडं हिशेब विसरत नाहीत.
हे मी तिला सांगते. ती नखाने मॅटचा सांधा उकरते.

माझ्या वेळी निदान फक्त मैदानात होतं,
फक्कीने आखलेलं, मध्यरेषेच्या पलीकडे.
नियम सोपा:
चढाईला गेलीस तर ती रेषा ओलांडून ये.
न ओलांडता परतलीस, की बाद.

एकोणिसाव्या वर्षी माझा डावा गुडघा
कट्‌कन बोलला. सगळ्यांनी ऐकलं.
सर म्हणाले, आंबेहळद लाव, पट्टी आवळ,
वाघीण आहेस.
वाघीण त्या पट्टीवर दोन मोसम खेळली.
आता जिना उतरताना
आधी कठडा, मग डावा, मग उजवा,
आणि खालून कुणी येत असेल तर थांबून
मोबाईल बघितल्यासारखं करायचं.
पहिला एमआरआय झाला तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते.
तेरा वर्षं मी बादच होते,
पंचांनी शिट्टी वाजवली नाही एवढंच.

शेवटचा प्रश्न.
दुखणं शून्य ते दहा.
तेजाली लिहिते तीन.

मी खुर्चीवरून तिचा पाय बघते.
टाच टेकत नाहीये.
गुडघ्याची वाटी दिसत नाही, इतकी सूज.
मी म्हणते, मला तरी सहा दिसतो.

ती म्हणते, रविवारी निवड आहे.
निवडीच्या मागे बँकेची जागा,
जागेच्या मागे भावाची फी.
ती हे हट्टाने सांगत नाही,
दुकानात यादी वाचावी तशी वाचते.

तिचा तीन, माझा सहा.
शाळेत शिकवलं होतं, छत्तीसचा आकडा म्हणजे
पाठीला पाठ.
मी पेन तिच्याकडे सरकवते, काही बोलत नाही.
माझ्याशी कुणी असं गप्प बसलं नव्हतं.

पलीकडे सर ओरडतात, घाग, वॉर्मअप!
ती पेन उचलते.
तीन खोडत नाही.
त्याच्या आधी सहा लिहिते,
जरा मोठा, जरा वाकडा.

त्रेसष्ट.
तोंडाला तोंड.

शून्य ते दहाच्या रकान्यात त्रेसष्ट बसत नाही.
उद्या परळला संगणक तो नाकारेल, लाल चौकट दाखवेल,
डॉक्टर विचारतील, हा आकडा कुठून आला.

सध्या मी गेटवरच्या रसवाल्याकडून
पिशवीभर बर्फ मागून आणते.
तो म्हणतो, पैसे राहू द्या, कुणाला लागलं?
तेजाली पाय लांब करून बसली आहे
निदान रेषेच्या अलीकडे की पलीकडे,
इथून नीट दिसत नाही.
रविवारचं ती काही बोलत नाही.