चतुःसीमा

एकतीस वर्षं मी तहसिलीच्या कुंपणाला टेकून
लोकांची घरं कागदावर उतरवतो आहे.
टिनाचं शेड, एक टेबल, त्याच्या एका पायाखाली वीट,
आणि परवाना, ज्यावरचा माझा फोटो
आता माझ्या धाकट्या भावासारखा दिसतो.

पूर्वी चतुःसीमा लिहायला मजा यायची.
पूर्वेस : हबीब पिंजारी यांचे घर व हौद.
पश्चिमेस : हेडाऊ यांची मागाची खोली.
उत्तरेस : बोळ, एक बैलगाडी जाते, दोन जात नाहीत.
दक्षिणेस : कडुनिंब.
नुसता कडुनिंब.
कुठला, असं साहेबही विचारत नसत.

मग महामार्ग झाला. गावात नाही आला,
चार मैलांवरून गेला, पण भाव तेवढा गावात शिरला.
जिनिंगच्या आवारात, सरकीचे ढीग लागायचे तिथे
चुन्याच्या रेघा पडल्या,
गेटवर पाटी लागली : कॉटन ग्रीन्स.
पहिल्या वर्षी साडेतीनशे रुपये फूट.
मी म्हटलं, फुगा आहे, बसेल.
दिवाळीला सातशे.
आता चौदाशे, आणि कोपऱ्याचा प्लॉट असला
तर धनेश लाहोटी चहा पाजतो, भाव सांगत नाही.

नागपूरहून एक जोडपं आलं, कोष्टीपुऱ्यात हिंडलं.
बाईंनी हेडाऊंच्या कडीला हात लावला,
म्हणाल्या, किती अस्सल आहे ना सगळं.
घर घेतलं. माग काढला. दार ठेवलं.
मिळालेल्या पैशात हेडाऊंना
याच गावात दुसरं घर बसेना,
ते बुटीबोरीला गेले, पोराकडे.
त्यांच्या शेजाऱ्याच्या दस्तात मी लिहून गेलो :
पश्चिमेस, मागाचा आवाज.
खोडलं.
खाडाखोडीवर सही करावी लागते. केली.

माझा अनुप गुरांच्या दवाखान्यात कंत्राटी आहे.
जेवताना, ताटाकडे बघतच म्हणाला,
बाबा, साऱ्या गावाच्या रजिस्ट्र्या तुमी लिवल्या,
आपलीच कशी राहून गेली?
मी वरण वाढून घेतलं.
नको होतं, तरी.

आता सगळं संगणकात भरतात.
पूर्वेस : प्लॉट चाळीस. पश्चिमेस : प्लॉट बेचाळीस.
उत्तरेस रस्ता, दक्षिणेस रस्ता, दोन्ही नऊ मीटर.
एकदा मी गावंडेच्या मुलीला म्हटलं, इथे टाक,
चिंच, जिच्याखाली बाजाराचे बैल बांधत.
तिने बिचारीने टाकलं. रकाना लाल झाला.
काका, म्हणाली, झाड चालत नाही.

मंगळवारी बाजार अजून आवारात सांडतो.
रुखमा भोयर एक्केचाळीसवर पोतं अंथरून बसते,
प्लॉट पडायच्या आधीपासून बसते.
मी अंबाडी घेत होतो.
तिने चुन्याच्या रेघेकडे हनुवटी केली :
कोनाचं हाय हे?
अमरावतीच्या एका डॉक्टरचं.
केवढ्याचं?
मी फुटाचा भाव सांगितला.
तिने पोत्याची लांबी पाहिली, रुंदी पाहिली.
मंग मी बसली तेवढ्याचे किती झाले?
तीन बाय चार. सोळा हजार आठशे.
ती इतकी हसली की पारड्यातली भाजी हलली.
मंग जराशी सरकून बसतो बाप्पा,
तेवढेच वाचन डॉक्टरचे.
आणि खरंच सरकली, वीतभर.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नातू असावा,
डबा घेऊन गर्दीत हरवलेला.
ती ओरडून सांगू लागली,
आणि माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला :

अरे, इकून लांजेवारची मिरची.
तिकून चपलावाला.
समोर त्या मुक्याची रसवंती.
अन् मांगं, चिंच होती नाई का,
तिथं.
हाव.
आलं का ध्यानात?