पेवातला कंदील

त्रिशला पुण्याहून चिनी शिकून आली.
मार्केट यार्डात, वजनकाट्याच्या मागं,
माझ्याच पेनानं पावतीपुस्तकावर तिनं एक अक्षर काढलं.
"मामा, हे वू. उमगणं. जागं होणं म्हणा."
डावीकडं उभं काळीज, उजवीकडं 'मी'.
त्या 'मी'ची फोड केली तर
वर पाच, खाली तोंड.

मी म्हटलं, आमच्याकडं खाणारी तोंडं पाचच होती,
उमगायला सवड कुणाला होती?
ती हसली. पंडितांच्या मते म्हणे
उजवी बाजू नुसती उच्चारापुरती,
अर्थ बघायचा तो काळजात.

तिकडंही भांडण झालेलं, तेराशे वर्षांमागं.
उत्तरेचे म्हणाले, सावकाश, जिना चढावा तसं.
दक्षिणेचे म्हणाले, जिना कसला?
डोळा उघडायला पायऱ्या लागतात?
"तुम्हाला कोण बरोबर वाटतं, मामा?"

मला काय वाटणार.
मी पॉलिशच्या ड्रमवर तेहेतीस वर्षं काढली.
ड्रम फिरतो, हळकुंड हळकुंडाला घासतं,
भुसा उडतो, नाकात, कानात, डब्यातल्या भाकरीत,
आणि साल गेल्यावर जे दिसतं
ते शिजवताना होतं, त्याआधी मातीत होतं,
आम्ही पदरचं काही घातलं नाही.
पण सौद्याला व्यापारी येतो, एक कांडी उचलतो,
कट्.
मोडतो, रंग बघतो,
भाव ठरतो तो त्या कट्मध्ये.
नऊ महिने कोण मोजतं?

"म्हणजे दोन्ही खरं?"
"म्हणजे क्विंटलला किती, ते बोल," मी म्हटलं.

संध्याकाळी तिला स्कूटरवरून हरिपूरला नेलं,
चिंचांच्या रस्त्यानं, संगमाच्या अलीकडं.
बुजलेली पेवं दाखवली.
आता तिथं गवत, एक बंद पडलेली बोअर,
कुणाची तरी वाळत घातलेली गोधडी.
काही पुरानं गिळली, उरलेली गोदामांनी.

माझे वडील, भूपालअण्णा, पेव उघडायचे.
तोंड एवढंसं, की जाडा माणूस अडकावा.
पोट मात्र खोलीएवढं,
आणि आत वर्षभर कोंडलेली हवा.
आधी माती सारायची, मग दगड,
मग काही करायचं नाही.
हेच त्यांचं कसब.
गाडीवान शिव्या देतोय, शेठ घड्याळ बघतोय,
अण्णा काठाला उकिडवे,
जणू त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.
दीडेक तासानं दोरीला कंदील बांधून खाली.
उजेडासाठी नव्हे. विझतो का बघायला.
विझला, की वर घ्यायचा. परत बसायचं.

त्रिशला पटकन एक चिनी शब्द बोलली.
मी अर्थ विचारला नाही.

एकदा, मी अकरा वर्षांचा असेन,
कंदील तळाला टेकला तरी जळत राहिला.
अण्णा उतरले. दोरी सैल पडली.
मग खालचा उजेडच गेला.
हाका मारल्या. शेठनं देव आठवले.
माझ्या पायातली चप्पल कधी निसटली कळलं नाही.
बऱ्याच वेळानं आतून, अगदी सहज:
"आलो."

वर आले ते पापण्यांपर्यंत पिवळे.
"कंदील विझला तरी आत कसे राहिलात?"
"मीच फुंकला," म्हणाले.
"म्हटलं बघावं, अंधारात हळद पिवळी असते का."
"मग?"
"चहा सांग."

त्रिशलाला वाटतं, त्यांना तिथंच झालं ते.
मला माहीत नाही.
नंतरही ते होते तसेच,
आमटीत मीठ कमी पडलं की ओरडायचे,
कुणाची उधारी विसरायचे नाहीत.
फक्त रात्री जेवताना लाईट गेली,
की आम्ही चौघं काडेपेटी शोधत चाचपडायचो,
आणि अण्णा
जेवत राहायचे.