ळ

माझ्या अम्मीच्या तोंडात ळ नव्हता.
केळी तिला केली, मुळा मुला,
आणि खानापुरातून लाल बसनं तासाभरावरचं शहर
बेलगाम.

चौथीत मला उभं केलं वाचायला :
‘मुलांनो, एका ओळीत चला.’
मी म्हटलं, ओलीत.
वर्ग हसला. दाभोळे बाईही, पदर तोंडावर धरून.
त्या संध्याकाळी जीभ उलटी दुमडून
कुंभारांच्या विहिरीत वाकले आणि ओरडले, ळ, ळ, ळ.
विहिरीनं परत दिला,
घोटून, माझ्याहून बरा.

पुढं निकाह, शिलाई मशीन, दोन पोरं.
मापांच्या वहीत गिऱ्हाइकं पुढून, मी मागून.
पुढून : बसलिंगव्वा, छाती अडतीस, बाही सहा, गळा मागं खोल.
मागून : मुज्जू तापानं फणफणलाय
आणि त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवताना
मला एक शब्द सुचला. लाज वाटली.
(लाज वाटली, तरी लिहिलाच.)

‘एन बऱ्याकत्ती?’ बसलिंगव्वा विचारायची.
हिशोब, मी सांगायची.
तिला खोटं वाटायचं नाही. मलाही फारसं नाही.

मुज्जू कन्नड शाळेत. घरी दखनी, गल्लीत मराठी.
त्याला तीन भाषांत भूक लागते
आणि तिन्ही वेळा उठायचं मीच.
दोन्हीकडून भरत आली वही
तेव्हा मधली चार कोरी पानं राखून ठेवली, कुणासाठी कोण जाणे.

पहिली कविता साप्ताहिकात गेली.
देसूरकर सरांनी लाल पेनानं अम्मीची आई केली,
शिरखुर्म्याची खीर.
‘वाचक अडखळायला नको,’ म्हणाले, मायेनंच.
मी हो म्हटलं. छापून येणार होतं ना.

मग एका गावच्या संमेलनात ती वाचली.
माईक दोनदा शिट्टी मारून गप्प झाला.
खाली उतरल्यावर एक गृहस्थ :
‘काय शुद्ध मराठी हो तुमचं! वाटत नाही.’
काय वाटत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.
मी ओढणी सावरली, नारळ घेतला.

अम्मी दुसऱ्या रांगेत होती.
परतीच्या बसमध्ये बराच वेळ खिडकीकडं बघून म्हणाली,
‘अच्छी थी. किसकी अम्मा थी वो?’

बाहेर पाटी गेली, डांबर फासलेली.
बेळगाव म्हणा, बेळगावी म्हणा,
डांबर कुणाचंही असू दे,
मधला ळ जागचा हलत नाही.
भांडणाऱ्या दोघांचाही तो.
आमच्याच घरात तेवढा पाहुणा.

त्या रात्री लाल शाई उसवायला बसले.
आईची पुन्हा अम्मी केली.
खीर काढून टाकली.
आणि राखलेल्या चार पानांत
तिचं एक वाक्य उतरवलं, आजवर नव्हतं उतरवलं :
अब्बा गेले त्या वर्षी, शिवण बाजूला सारून
माझ्यापुढं वही सरकवत ती म्हणाली होती,
‘लिख. रोने से अच्छा एक ओल लिख.’

देसूरकरांचा फोन आला.
‘इथं ओळ हवंय ना? ळ?’
नाही सर.
‘ओल?’
ओलच.
पलीकडं त्यांच्या घरातल्या कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली.
‘बरं,’ म्हणाले.

अंक आला. अम्मीला अक्षर येत नाही.
पान हातात घेतलं, उलटं. मी सुलटं केलं.
‘मेरी कौनसी?’
दाखवली.
तिथं अंगठा ठेवून बसून राहिली,
बसलिंगव्वा ब्लाऊज न्यायला येईपर्यंत.
हुक लावायचे राहिले होते.