दुसरा डोळा

धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात
बाकासमोरच्या भिंतीवर एक पहाड आहे.
काचेवर ट्यूबलाइट सांडलेली,
कोपऱ्यात औषध कंपनीचं नाव.

पहिल्या दिवशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
बाबा लांबूनच म्हणाले,
"हा मनसरचा पहाड होय. मे महिन्यातला.
पाय कसा निळा पडला उन्हानं."
मी म्हटलं, खाली लिहिलंय, फ्रान्समधला आहे.
"असन. ऊन तं आपलंच हाये."

उजव्या डोळ्याचं झालं.
आठवड्यानं तपासणीला आलो
तर काळा चष्मा कपाळावर सरकवून
ते थेट काचेला नाक लावून उभे,
लग्नात कुणाच्याही पदराची किनार पाहतात तसे.

"हा काढला नाई कोणी. विणला हाये."

बोट फिरत राहिलं.
हिरव्याचे उभे फटके, गेरूचे आडवे,
मध्येच जांभळा, एकच कांडी पुरवून वापरलेला.
"एका हाताचं काम. इथं थकला तो,
पाय, पट्टा तिरपा गेला."

बेचाळीस वर्षं गोळीबार चौकामागे
खड्ड्यात पाय सोडून माग चालवला त्यांनी.
मागाचं सागवान आता आमच्या दिवाणाला आहे.
त्यावर झोपतात, कुरकुरलं की म्हणतात, बोलते.

डाव्या उतारापाशी बोट थांबलं.
तिथं रंगच नाही, नुसतं कापड.
"इथं बाणा सोडला.
मुद्दाम सोडला, का सूत सरलं?"
मला काय माहीत.
तेवढ्यात एकतीस नंबर पुकारला.

बाबांनी तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली,
खालचं छापखान्याचं नावसुद्धा.
डॉक्टर खूश. म्हणाले, डावा मंगळवारी करून टाकू.
"राहू द्या ना थोडे दिवस."
का हो पराते, भीती वाटते?
"भीती नाई."
आणि पुढे काही बोललेच नाहीत.

निघताना पुन्हा त्या भिंतीपाशी.
उजवा झाकला: पहाड.
डावा झाकला: धागे.
पुन्हा उजवा.
बाकावरचं एक पोरगं
त्यांचं पाहून तसंच करायला लागलं,
त्याच्या आईनं हात ओढला.

बर्डीला ऑटो अडकला,
वर मेट्रो, मागे किल्ल्याची टेकडी
दुपारच्या धुळीत.
बाबा बाहेर डोकं काढून बसलेले,
एका डोळ्यावर तळहात.

कोणत्या, ते मला माझ्या बाजूनं दिसत नव्हतं.