नख

आधी नख. मायक्रोमीटर नंतर.
चक थांबला की सुपडू आप्पा
शाफ्टवर अंगठ्याचं नख आडवं ओढायचे,
मान तिरकी, श्वास धरलेला.
"डोया खोटं बोलतस," म्हणायचे, "नख नही."

अजिंठा रोडला आमचं शेड. मे महिना,
पत्रा तापलेला, कूलंटला आंबूस वास,
पंपाच्या शाफ्टची दोनशे नगांची ऑर्डर.
एका टिपला चार कोपरे.
मालक कोपरे मोजून देतो, ताईत दिल्यासारखे.
चाळीस नग झाले की कोपरा फिरवायचा.
मी नाही फिरवला.

एकेचाळिसावा तसा ठीकच होता.
मग कीस बदलला:
जिलेबीचे वेढे गेले,
निळे-जांभळे तुकडे उडायला लागले,
मनगटावर पडला की फोड.
आवाजही बदलला. किंचित.
शेजारच्या प्रेसच्या दणक्यात तो ऐकूच आला नाही
असं मी सांगितलं असतं, कोणी विचारलं असतं तर.

पण माल चमकत होता,
पहिल्या दहापेक्षा जास्तच.
बोथट धार कापत नाही, घासते,
आणि घासलेलं लोखंड आरशाचं सोंग घेतं.
बावन्नाव्या नगात मला माझी मिशी दिसली.

त्रेपन्नावा आप्पांनी उचलला.
नख फिरवलं. पुन्हा फिरवलं.
मग माझ्यासमोर धरला.
माझं नख अडकलं, सुटलं, परत अडकलं;
चमकेच्या खाली सगळं ओरबाडलेलं.
"धार गयी."
टूल मागे हटतं एक पदर,
शाफ्ट दोन पदर जाड राहतो.
मी म्हटलं, तीन शतांश जास्त आहे, परत एक कट घेतो.
आप्पा म्हणाले, घे.
घेतला, नव्या कोपऱ्यानं.
माप आलं. ओरखडा तसाच.
तो तीन शतांशापेक्षा खोल गेला होता.

तेरा नग भंगारात.
आप्पा मालकाला काय बोलले माहीत नाही,
माझा पगार कापला गेला नाही.

संध्याकाळी गेटवर नवीन मशीन.
अंगठा ठेवा.
आप्पांनी ठेवला. लाल दिवा.
पँटला पुसून ठेवला. लाल.
चौतीस वर्षं एमरी पेपर, रॉकेल, गरम लोखंड;
अंगठ्यावर एक रेघ उरलेली नाही.
इतकं फिनिशिंग
आम्हाला एकाही शाफ्टवर जमलं नाही.

रजिस्टरला सही करा, वॉचमन म्हणाला.
आप्पांनी अंगठा उलटा केला,
काचेवर नख टेकवलं
आणि मान तिरकी करून
थांबले.