हिमेली

डिसेंबरात औलूला दुपारी दोनलाच दिवस मिटतो.
आइली माळ्यावरून खोकं काढते:
राईच्या काड्यांची हिमेली, दोऱ्यांचा गुंता,
एक काडी चेपलेली.
वेइक्कोचं कोपर लागलं होतं,
सोफा हलवला त्या वर्षी.

तिच्या फोटोंत काहीच नसतं, शेजारीण म्हणते.
म्हणजे होडी नसते, तळाचा गंज असतो.
खाडी नसते, बर्फाला गेलेला तडा असतो.
वेइक्को विचारायचा, हे सुलटं की उलटं?
तू कुठं उभा आहेस त्यावर, ती म्हणायची,
आणि तो खरंच जागा बदलून बघायचा.

हिमेली टेबलावर टांगून
ती दिवा खाली जमिनीवर ठेवते.
भिंतीवर त्रिकोण हलू लागतात,
एकमेकांत शिरतात, सुटतात.
चेपलेल्या काडीपाशी
सावली जरा अडखळते.

कॅमेरा तिथंच रोखलेला.
बाकी सजावट चौकटीबाहेर:
लाल मेणबत्त्या, खिडकीतला कागदी तारा,
सवयीनं मांडलेली दोन ताटं.

जूनमध्ये दाराशी बर्चच्या फांद्या लागतील.
हिमेली तेव्हाही उतरायची नाही, तिला ठाऊक आहे.
रात्रभर ऊन असेल.
सावली शोधावी लागेल.