गादी थांबेपर्यंत

शेवटची गोळी रात्री अकराला.
त्यानंतर काही नाही, नर्सने तीनदा बजावलंय.
उद्या त्यांना तुझं अंग
औषधाचा मुलामा उतरलेलं हवंय,
जसं आहे तसं.

न्हाणीघरात स्टूल ओढून तुला बसवते.
खिडकीत व्हेर्कोरचे कडे, वर उरलंसुरलं बर्फ.
एप्रिल.
म्हणजे कलमांचे दिवस.
तू त्याबद्दल बोलत नाहीस, मीही नाही.

केस कापायचं मशीन रेमोंच्या सुनेचं.
ती त्याने कुत्रा भादरते.
धुऊन दिलंय, म्हणाली.
तू हसलास बहुतेक.
हल्ली तुझं हसू चेहऱ्यापर्यंत यायला वेळ लावतं,
कधी वाटेतूनच परत फिरतं.

एकेचाळीस वर्षांत
तुझं डोकं मी आज पहिल्यांदा पाहिलं, रेजिस.
डाव्या कानामागे वण आहे.
कसला रे?
"शिडी," तू म्हणतोस.
माझ्या आधीची कुठली तरी शिडी.

अक्रोडाचा विनोद सगळ्यांचा करून झालाय:
पोस्टमनचा, तुझ्या भावाचा, भूल देणाऱ्या डॉक्टरचासुद्धा.
जन्मभर अक्रोड फोडलेस तू,
आतला गर कशासारखा दिसतो ते तुला कोण सांगणार.
तू सर्जनला एवढंच म्हणालास, हात दाखवा.
व्हेर्दिये बाई, आपल्या माएलच्या वयाच्या,
क्षणभर गोंधळल्या,
मग टेबलावर दोन्ही हात धरले, पालथे.
कलमाची काडी पारखावी तसे तू पाहिलेस,
डोळा कुठे, ओल किती.
"चालेल."
सुरी कचरली की काडी मेली,
हे पोरांना तूच शिकवायचास.
तुझी सुरी सहा वर्षांपूर्वी मीच
वरच्या फडताळात ठेवली, फडक्यात गुंडाळून.
तू कधी विचारलं नाहीस कुठे आहे.

त्याआधी ती परीक्षा.
एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा.
तू आपले कुत्रे सांगितलेस,
सातही, नावानिशी,
मेले त्या क्रमाने.
बाईंनी कागदावर लिहिलं: एक.
मी बाहेर येऊन गाडीत रडले
आणि मग इतकी हसले की काचा धुकटल्या.

संमतीपत्रावर तुझी सही
चौकटीच्या कोपऱ्यात, मुंगी बसावी तशी.
खतांच्या पावत्यांवर हीच सही
रेघेबाहेर उंडारायची.
वर छापलेलं मी दोनदा वाचलं,
रक्तस्राव, संसर्ग,
आणि एका ओळीत, जाता जाता म्हणावं तसं:
काहींचा आवाज आणखी खोल जातो.
आणखी म्हणजे किती?
आत्ताच मी तुझं बोलणं ओठांवरून वाचते.

अंगठी निघत नाही. साबण, तेल, मग थंड पाणी.
निघाली तेव्हा बोटावर
पांढरं कडं, ऊन न पाहिलेलं.
ती मी माझ्या अंगठ्यात घातली.
सैलच आहे.

तांबडा साबण डोक्याला चोळते, सांगितलंय तसा, दोन वेळा.
फेस कपाळावरून उतरतो.
उद्या इथे चौकट आवळतील,
तुला जागं ठेवतील,
बोटं उघडा म्हणतील, मिटा म्हणतील,
महिन्यांची नावं उलटी विचारतील.
नोव्हेंबर विसरू नकोस. तू नेहमी नोव्हेंबर गाळतोस.

आता दिवा मालवलाय.
आणि एक गोष्ट आहे
जी मी व्हेर्दिये बाईंना विचारली नाही,
विचारण्यासारखी नव्हतीच.
अकरा वर्षं या गादीला तुझा हात हलवतोय.
झोप लागली की तो थांबतो,
गादी थांबते,
मला कळतं, गेलास,
मग मी कूस बदलते.
तारा बसल्या, यंत्र चालू झालं,
हात जागेपणीही गप्प पडून राहिला,
तर अंधारात मला कसं कळायचं
तू झोपलायस
की छताकडे बघत पडलायस?

विचारावं लागेल.
आणि तू त्या खोल गेलेल्या आवाजात
काहीतरी म्हणशील,
मला सरकून जवळ यावं लागेल ते ऐकायला.

दोन वाजले.
गादी थांबत नाहीये.